कोची: एका दुपारीत न दिसणारे शहर

केरळच्या सहलीत कोचीच्या वाट्याला बहुधा एखादी दुपार येते. पण समुद्रावरून आलेल्यांना ज्या शहराने जागा दिली आणि स्वतःच्याच काही लेकरांना जमिनीवर उभे राहू दिले नाही, ते शहर समजायला तीन दिवस तरी द्यायला हवेत.

डिसेंबरची सुट्टी जवळ आली की घराघरांत सहलीचे बेत शिजू लागतात. या वर्षी केरळ, असे एकदा ठरले की नकाशा उघडला जातो. मुन्नारला दोन रात्री, थेक्कडीला एक, अलप्पुळाच्या हाउसबोटीत एक. विमान किंवा रेल्वे कोचीला पोहोचते म्हणून कोचीचेही नाव यादीत येते, पण तिथे मुक्काम करावा असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. ड्रायव्हर चिनी जाळ्यांपाशी मोटार थांबवतो. फोटो निघतात, वास्को द गामाचे थडगे पाहून होते, ज्यू टाउनमध्ये वेलदोड्यांची पाकिटे विकत घेतली जातात आणि अंधार पडायच्या आत मोटार डोंगराची वाट धरते. घरी परतल्यावर कोणी विचारलेच, तर उत्तर मिळते, ‘कोची ना? ठीक आहे, उकाडा फार.’

यात दोष त्या कुटुंबाचा नाही. कोचीत ताजमहालासारखी एक भव्य वास्तू नाही, की जी पाहिली म्हणजे गाव पाहिले असे म्हणता येईल. इथे पाहण्यासारखा आहे तो शेजार. पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात देऊळ, मशीद, चर्च, सिनेगॉग आणि जैन मंदिर आहे आणि त्या प्रत्येकाभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे आहेत. कोणी गोव्याहून आले, कोणी कच्छहून, कोणी तामिळ मुलखातून, तर कोणी स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेल्यावर. मोटारीच्या खिडकीतून इमारती दिसतात, शेजार दिसत नाही. त्यासाठी पायी फिरावे लागते.

पुरातून मिळालेले बंदर

कोची हे एक सलग गाव नाही. खाडीच्या पूर्वेला एर्नाकुलम हे दुकाने, कचेऱ्या आणि रेल्वे स्थानकांचे गजबजलेले शहर. पश्चिमेला समुद्राच्या कडेला फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टनचेरी. मध्ये विलिंग्डन बेट आणि उत्तरेला वैपिन. १९६७ मध्ये या साऱ्यांना एकत्र करून कोची महानगरपालिका झाली. लोक मात्र अजूनही ‘एर्नाकुलमला जाऊन येतो’ असेच म्हणतात.

बंदराची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. रोमन काळापासून मिरीच्या व्यापारासाठी गाजलेले मुझिरिस हे बंदर इथून उत्तरेला, कोडुंगल्लूरच्या परिसरात होते. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला. त्यात जुन्या बंदराचे तोंड गाळाने भरले आणि कोचीपाशी समुद्राला नवी वाट मिळाली, असे मानले जाते. व्यापार हळूहळू इकडे सरकला आणि व्यापाराबरोबर माणसेही.

१५०० मध्ये पोर्तुगीज आले. १५०३ मध्ये त्यांनी इथे किल्ला उभारला, तो युरोपीय लोकांचा भारतातील पहिला किल्ला. १६६३ मध्ये डचांनी कोची जिंकून घेतले आणि १७९५ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये हा सारा प्रवास एका छपराखाली दिसतो. पोर्तुगीजांनी बांधलेले, डचांनी वापरलेले आणि इंग्रजांच्या हाती गेलेले हे साधेसे चर्च. १५२४ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी वास्को द गामा कोचीत वारला, तेव्हा त्याला इथेच पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले, पण थडग्याची शिळा अजून जमिनीत आहे. मुलांचे लक्ष मात्र बहुधा वर जाते. छताला टांगलेले कापडी पंखे बाहेरून दोरीने ओढले जात आणि आतली मंडळी वारा घेत प्रार्थना करीत. दोरी ओढणारा कोण असेल, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

जाळी खाली, जाळी वर

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरची चिनी जाळी छायाचित्रांतून सर्वांना ठाऊक आहेत. मल्याळममध्ये त्यांना ‘चीनवला’ म्हणतात. ती चीनच्या व्यापाऱ्यांनी आणली असे काही सांगतात, तर पोर्तुगीजांनी मकावहून आणली असे काहींचे मत आहे. सागवानी वाशांचा उंच सांगाडा, त्याला टांगलेले जाळे आणि मागच्या बाजूला दोरांना बांधलेले मोठमोठे धोंडे. जाळे पाण्यात सोडायचे, काही मिनिटे थांबायचे आणि मग चार-सहा जणांनी दोर ओढून ते वर घ्यायचे. धोंड्यांच्या वजनामुळे एवढे मोठे जाळे थोड्या माणसांना पेलते. तराजूचे तत्त्व मुलांना समजावून सांगायला याहून चांगली जागा नाही.

पाहायचे तर सकाळी सातच्या आत जावे. तेव्हा ऊन कोवळे असते, गर्दी नसते आणि जाळ्यात आलेले मासे काठावरच लिलावाने विकले जातात. दर वेळी जाळे भरून येत नाही. कित्येकदा मूठभर मासे आणि पाण्यावर तरंगणारी जलपर्णीच वर येते. वासे बदलण्याचा खर्च वाढला आहे आणि पूर्वीइतकी जाळी आता उरलेली नाहीत. कोळी पाहुण्यांना दोर ओढायला बोलावतात, तेव्हा नंतर पैशांची अपेक्षा असते. त्यात रागावण्यासारखे काही नाही. किती द्यायचे ते आधी विचारावे आणि मग मनसोक्त दोर ओढावा.

राजवाडा, देऊळ आणि सिनेगॉग

मट्टनचेरीच्या राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण तो बांधला पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी तो कोचीच्या राजाला नजर केला. पुढे डचांनी दुरुस्ती केली आणि नाव त्यांचे लागले. बाहेरून तो एखाद्या साध्या वाड्यासारखा दिसतो. आत भिंतींवर रामायणातील प्रसंगांची जुनी चित्रे आहेत. वनस्पतींपासून आणि खनिजांपासून केलेले ते रंग अजून टिकून आहेत.

राजवाड्याच्या आवारात देवीचे देऊळ आहे आणि त्या आवाराच्या भिंतीला लागूनच परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ. हे १५६८ मध्ये बांधले गेले. कोडुंगल्लूरची वस्ती उद्ध्वस्त झाल्यावर ज्यू लोक कोचीला आश्रयाला आले आणि राजाने त्यांना आपल्या वाड्याशेजारी जागा दिली. ज्या काळात युरोपात ज्यूंना गावाबाहेर हाकलले जात होते, त्या काळात इथे त्यांच्या प्रार्थनेचा आणि देवीच्या आरतीचा आवाज एकाच आवारात ऐकू येत असे.

सिनेगॉगच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. त्या हाताने रंगवलेल्या असल्याने एकीसारखी दुसरी सापडत नाही, असे सांगतात. अठराव्या शतकात उभारलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर वेगवेगळ्या लिप्यांतील आकडे आहेत. १९६८ मध्ये सिनेगॉगला चारशे वर्षे झाली, तेव्हा समारंभाला पंतप्रधान इंदिरा गांधी आल्या होत्या.

महाराष्ट्रातील वाचकांना या समाजाशी एक नातेही सापडेल. अलिबाग परिसरात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके मराठी बोलत आले. एकोणिसाव्या शतकात त्यांना हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकवण्यासाठी कोचीचे ज्यू शिक्षक मुंबईला आले होते.

गोव्याहून आलेले शेजारी

सिनेगॉगपासून फार दूर नाही, चेर्लाई भागात तिरुमल देवस्वम हे व्यंकटेशाचे मोठे देऊळ आहे. ते गौड सारस्वत ब्राह्मणांचे. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांनी देवळे पाडली, धर्मांतराची सक्ती वाढली, तेव्हा अनेक कुटुंबे देव घेऊन दक्षिणेकडे निघाली. त्यांतील काही कोचीत स्थिरावली आणि मिरी-मसाल्याच्या व्यापारात त्यांनी नाव मिळवले. आज साडेचारशे वर्षांनंतरही त्यांच्या घरांत कोकणी बोलली जाते. तिच्यात मल्याळमचे शब्द मिसळले आहेत, पण देवळाबाहेर फुले विकत घेताना कान देऊन ऐकले, तर मराठी माणसाला मधले कित्येक शब्द ओळखीचे वाटतात.

या कोकणी लोकांची एक आठवण जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना माहीत आहे. डचांचा मलबारमधील गव्हर्नर व्हॅन रीड याने इथल्या औषधी वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे इळवा समाजातील वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. या तिघांनी आपण दिलेली माहिती खरी असल्याचा दाखला १६७५ मध्ये कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिला आणि तो ग्रंथात छापला गेला. रायगडावर राज्याभिषेक होऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे खर्चून या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजीत आणि मग मल्याळममध्ये भाषांतर केले, तेव्हा कुठे तो इथल्या लोकांना वाचता आला.

चेर्लाईहून पुढे गुजराती रोड लागतो. इथे कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या, शाळा आणि जैन मंदिर आहे. दुपारी बाराच्या सुमारास मंदिरात कबुतरांना दाणे टाकतात, तेव्हा अंगण पंखांनी भरून जाते. फोर्ट कोचीच्या वेली भागात धोबीखाना आहे. डचांच्या सैनिकांचे गणवेश धुण्यासाठी तामिळनाडूतून वण्णार समाजाची माणसे आणली गेली, त्यांचे वंशज अजून दगडी हौदांत कपडे धुतात, भाताच्या पेजेची खळ घालतात आणि कोळशाच्या जड इस्त्रीने घड्या पाडतात. तिथे गेल्यास फोटो काढण्यापूर्वी विचारावे. ती कामाची जागा आहे, प्रदर्शन नव्हे.

पाण्यावरची सभा

इथवर वाचून कोणालाही वाटेल की कोची म्हणजे सर्वांना पोटाशी धरणारी माउली. प्रवासी पुस्तिकांतून चित्र असेच रंगवले जाते. पण ते अर्धेच आहे.

एर्नाकुलमहून बोटीने फोर्ट कोचीला जाताना ज्या खाडीवरून आपण जातो, त्या पाण्यावर १९१३ मध्ये एक सभा झाली होती. कोची संस्थानातील पुलया समाज शेतात राबे, पण त्याला अस्पृश्य मानले जाई. सभेसाठी त्यांना जमीन मिळेना. तेव्हा मच्छीमार समाजात जन्मलेले कवी आणि संस्कृतचे पंडित के. पी. करुप्पन यांनी पुढाकार घेतला. होड्या एकमेकींना बांधल्या गेल्या, त्यांवर फळ्या टाकल्या गेल्या आणि सभा पाण्यावर भरली. जमीन राजाची असेल, पाणी तर कोणाचे नाही! केरळमध्ये ही सभा ‘कायल सम्मेलनम्’ म्हणून ओळखली जाते. ‘कायल’ म्हणजे खाडीचे पाणी. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ मध्ये. म्हणजे त्याच्या चौदा वर्षे आधी कोचीत माणसांना आपले म्हणणे मांडण्यासाठी पाण्याचा आधार घ्यावा लागला होता.

चार वर्षांनी, १९१७ मध्ये, वैपिन बेटावरच्या चेराई गावी के. अय्यप्पन या तरुणाने इळवा आणि पुलया यांना एका पंगतीला बसवले. इळवा समाज स्वतःच वरच्या जातींचा जाच सोसत होता, तरी पुलयांबरोबर जेवणे त्यालाही मंजूर नव्हते. अय्यप्पन यांना वाळीत टाकले गेले, ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणवले गेले. त्यांनी ते नाव अभिमानाने मिरवले. पुढे ते ‘सहोदरन अय्यप्पन’ म्हणून प्रसिद्ध झाले, मंत्रीही झाले. आज चेराईला लोक समुद्रस्नानासाठी जातात. ती पंगत तिथेच बसली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सिनेगॉगही या रोगातून सुटले नव्हते. परदेशी ज्यू स्वतःला गोरे आणि श्रेष्ठ समजत. आधीपासून मलबारात राहणाऱ्या ज्यूंशी ते रोटी-बेटी व्यवहार टाळत आणि मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना तर प्रार्थनेच्या वेळी आत बाकावर बसण्याचीही मुभा नव्हती. याच गटात जन्मलेले वकील ए. बी. सालेम यांनी विसाव्या शतकात गांधीजींच्या मार्गाने सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला. हळूहळू बंधने सैल झाली. लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणू लागले.

परदेशातून आलेल्या व्यापाऱ्याला राजवाड्याशेजारी जागा आणि मातीत राबणाऱ्याला सभेपुरतीही जमीन नाही. दोन्ही गोष्टी एकाच गावात घडल्या. व्यापाऱ्याच्या हातात मिरीचा पैसा होता, त्यामुळे तो राजाला हवा होता. शेजारी नांदणे आणि बरोबरीने वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कोचीत आपोआप घडली, दुसरीसाठी झगडावे लागले. कोची संस्थानातील देवळे सर्व हिंदूंना खुली व्हायला १९४७-४८ साल उजाडावे लागले. मुलांना कोची दाखवताना राजाच्या उदारपणाबरोबर होड्यांवरची सभाही सांगितली, तर त्यांना गाव खरे कळेल.

रिकामी झालेली घरे

ज्यू टाउनच्या गल्लीत आज सर्वत्र दुकाने आहेत. जुन्या घरांच्या खालच्या मजल्यांवर काश्मिरी गालिचे, पितळी दिवे, अत्तरे, मसाले विकायला ठेवलेले असतात. घरांवर ज्यू खुणा आहेत, आत ज्यू नाहीत. १९४८ मध्ये इस्रायल देश स्थापन झाल्यावर हा समाज तिकडे निघून गेला. त्यांना कोणी हाकलले नाही. जाताना त्यांच्या बायकांनी मल्याळम गाण्यांच्या वह्या बरोबर नेल्या. लग्नात, सणासुदीला त्या ही गाणी म्हणत. इस्रायलमधील नेवातिम या खेड्यात कोचीहून गेलेल्यांची वस्ती आहे.

ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. मट्टनचेरीत ते जमेनासे झाले. या गल्लीत एक वृद्ध ज्यू महिला हाताने भरलेली टोपडी आणि टेबलावरची कापडे विकत असे. २०१९ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर ती वारली. उतारवयात तिची देखभाल एका मुस्लिम कुटुंबाने केली आणि तिच्या मागे तिचे दुकानही त्यांनीच सांभाळले. २०२४ मध्ये परदेशी ज्यू समाजातील आणखी एक ज्येष्ठ महिला गेली आणि साडेचार शतकांची वस्ती जवळजवळ संपली. मलबारी ज्यूंचे मट्टनचेरीतील कडवुंभागम सिनेगॉग तर देखभालीअभावी २०१९ च्या पावसात अर्धेअधिक कोसळले.

पर्यटनाने या भागात पैसा आणला, जुनी घरे वाचली, अनेक कुटुंबांना खोल्या भाड्याने देऊन मिळकत झाली. त्याचबरोबर जागांच्या किमती वाढल्या. जिथे सुंठ वाळत पडे, मिरीची पोती रचलेली असत, तिथे उपाहारगृहे आणि चित्रांची दालने आली. २०१२ पासून भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनाने जुन्या गोदामांना नवे आयुष्य दिले, हेही खरे. शेवटी गाव टिकते ते तिथे राहणाऱ्या माणसांमुळे. पाहुणा कुठे उतरतो, कोणाकडून खरेदी करतो, कुठे जेवतो, यानेही थोडा फरक पडतो.

सहलीची आखणी

कधी जावे: डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ऊन लख्ख असते, पण सकाळ-संध्याकाळ सुखावह. मे महिन्याच्या सुट्टीत दमट उकाडा फार आणि जून ते सप्टेंबर जोरदार पाऊस. दिवाळीच्या सुट्टीतही दुपारनंतर गडगडाटासह सरी येतात. ३१ डिसेंबरच्या रात्री फोर्ट कोचीत ‘पप्पांजी’ नावाचा प्रचंड पुतळा जाळून सरत्या वर्षाला निरोप दिला जातो. तेव्हा गर्दी उसळते. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर ती रात्र टाळलेली बरी.

कसे जावे: १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून मुंबई-पनवेलहून एर्नाकुलमला थेट गाड्या मिळतात. साधारण एक दिवस आणि एक रात्र लागते. आरक्षण लवकर करावे. विमानतळ नेडुंबाशेरीला, शहरापासून दूर आहे. तिथून फोर्ट कोचीला पोहोचायला दीड-दोन तास हाताशी ठेवावेत.

कुठे उतरावे: पहिल्या दोन रात्री फोर्ट कोचीत काढाव्यात. तिथे स्थानिक कुटुंबे आपल्या घरातील खोल्या पाहुण्यांना देतात. सकाळचा नाश्ता घरचाच असतो आणि घरच्या मंडळींशी गप्पा मारता येतात. खोली नक्की करण्यापूर्वी पंखा, मच्छरदाणी आणि पाण्याची सोय विचारून घ्यावी.

कसे फिरावे: एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला सरकारी बोट आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या बोटी जातात. तिकीट माफक असते आणि मुलांना ती सफरच सर्वांत जास्त आवडते. फोर्ट कोची-मट्टनचेरी पायी किंवा सायकलने फिरावे. रिक्षा केल्यास ‘वाटेत दुकान नको’ असे आधीच स्पष्ट सांगावे. नाहीतर कमिशनसाठी तीन दुकानांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

दिवस कसे वाटावेत: पहिल्या सकाळी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, सांताक्रूझ बॅसिलिका आणि धोबीखाना. दुसऱ्या दिवशी राजवाडा, सिनेगॉग, मसाल्याचा बाजार, जैन मंदिर आणि तिरुमल देवस्वम. राजवाड्यातील संग्रहालय शुक्रवारी बंद असते आणि सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर, शनिवारी व ज्यू सणांना. म्हणून मट्टनचेरीसाठी रविवार ते गुरुवारचा एखादा दिवस राखावा. तिसऱ्या दिवशी वैपिनमार्गे चेराई. फोर्ट कोचीचा किनारा फिरायला छान, पण पोहायला सुरक्षित नाही. चेराईलाही जीवरक्षक सांगतील तेवढ्याच पाण्यात उतरावे.

काय खावे: सकाळी आप्पम आणि नारळाच्या दुधातील भाज्यांचा स्ट्यू, किंवा पुट्टू आणि काळ्या चण्यांची उसळ. दुपारी केळीच्या पानावर सद्या, म्हणजे पूर्ण शाकाहारी पंगत. तांदूळ लालसर, जाड आणि उकडा असतो. मुलांना न आवडल्यास पांढरा भात मागून घेता येतो. मासे खाणाऱ्यांनी करिमीन चुकवू नये. गोव्यात ज्याला काळुंद्र म्हणतात तोच हा. स्वयंपाक खोबरेल तेलात असतो, त्याची सवय नसेल तर पहिल्या दिवशी बेताने जेवावे.

पोशाख आणि रीत: देवळांत, चर्चमध्ये आणि सिनेगॉगमध्ये खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत. बऱ्याच देवळांत पुरुषांना सदरा काढून आत जावे लागते. अकरा ते तीन या वेळात ऊन कडक असते. टोप्या, सुती कपडे आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी आणि या वेळात शक्यतो सावलीत, संग्रहालयात किंवा विश्रांती घेत असावे.

खरेदी: मिरी, सुंठ, वेलदोडे, जायफळ घ्यावेत, पण दर्शनी दुकानाऐवजी बाजार रस्त्यावरच्या घाऊक दुकानांत विचारणा करून. ‘दोनशे वर्षांपूर्वीची’ म्हणून दाखवली जाणारी वस्तू बहुधा गेल्या वर्षीची असते.

संध्याकाळी शक्य असेल तर कथकलीच्या प्रयोगाला जावे आणि तासभर आधी पोहोचावे. रंगभूषा प्रेक्षकांसमोर केली जाते आणि साध्या माणसाचा राक्षस किंवा देव होताना मुले डोळे विस्फारून पाहत राहतात.

परतताना शेवटच्या संध्याकाळी मोटारीऐवजी बोटीनेच एर्नाकुलमला यावे. सूर्य जाळ्यांमागे कलतो, एका काठावर बॅसिलिकाचे मनोरे दिसतात, दुसरीकडे बंदरातल्या उंच क्रेन. बोटीत शाळकरी मुली, कोळी, नोकरदार, बुरख्यातल्या बायका, पर्यटक असे सगळे एकाच बाकावर दाटीवाटीने बसलेले असतात. याच पाण्यावर १९१३ मध्ये बांधलेल्या होड्यांवर माणसे उभी राहिली होती. आज त्यांची पणतवंडे याच बोटीत तिकीट काढून हव्या त्या जागी बसतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाला ती गोष्ट सांगायला हा पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास पुरेसा आहे.